केशरी फुलपाखरू, घोळीची भाजी आणि एक चुकलेलं नाव

सकाळचा चहा हातात आहे आणि समोरच्या कुंडीवर एक केशरी फुलपाखरू येऊन बसतं. पंखांची टोकं काळी, त्यावर तिरका पांढरा पट्टा. तुम्ही मोबाइल काढता, फोटो घेता, ॲपला विचारता. ॲप लगेच सांगतं, ‘प्लेन टायगर’. फोटो फॅमिली ग्रुपवर जातो, चार अंगठे आणि एक ‘वॉव’ येतं, विषय संपतो.

आमच्या घरी तो तीन वर्षं असाच संपत होता.

आम्ही चंदीगडला सेक्टर 30 मध्ये राहतो. नवऱ्याची बदली झाली तेव्हा वाटलं होतं, या आखीवरेखीव शहरात फुलपाखरं कुठली दिसायला! पण ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टरच्या पोटात मोकळ्या हिरव्या जागा ठेवलेल्या आहेत, शिवालिकच्या टेकड्या जवळ आहेत आणि रस्त्यारस्त्याला झाडं आहेत. आमच्या सेक्टरची बाहेर ओळख आहे ती वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या केंद्रीय संस्थेमुळे, म्हणजे सीएसआयओमुळे. तेजस विमानाच्या वैमानिकाला नजरेसमोर माहिती दाखवणारा हेड-अप डिस्प्ले तिथेच तयार झाला. अशा शेजारात राहून आम्ही मायलेकी एका फुलपाखराच्या पंखावरचे ठिपके तीन वर्षं नीट मोजत नव्हतो, हे कबूल करायला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

लेकीने दुसरीत असताना एक वही केली होती, ‘आपल्या सेक्टरची फुलपाखरं’. पाचवीत येईपर्यंत तिच्यात ‘प्लेन टायगर’ हे नाव अकरा वेळा लिहिलं गेलं होतं. गेल्या सप्टेंबरात तिने एक फोटो निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकला. सप्टेंबर हा भारतभरातल्या हौशी लोकांचा फुलपाखरं मोजण्याचा महिना, ‘बिग बटरफ्लाय मंथ’. 2020 पासून तो साजरा होतो. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाने फोटोखाली एवढंच लिहिलं, ‘मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा.’

लेकीने मोजले. एकच होता, तोही पंखाच्या वरच्या कडेला.

ते प्लेन टायगर नव्हतंच. ती डॅनाइड एगफ्लायची मादी होती.

कडव्याचं सोंग

हे दोन जीव इतके सारखे का, हे कळलं की ओळखणं सोपं जातं, म्हणून आधी ते सांगते.

प्लेन टायगरला मराठीत ‘बिबळ्या कडवा’ म्हणतात. नावातच सगळं आलं. त्याच्या अळ्या रुईची पानं खातात. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतो, तीच ही रुई. इथे तिला ‘आक’ म्हणतात. तिच्या चिकात विष असतं. अळीला ते बाधत नाही, पण तिच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं. एखाद्या नवख्या पक्ष्याने हे फुलपाखरू खाल्लं तर त्याला उलटी होते, आणि पुढे केशरी-काळं-पांढरं असं काही दिसलं की तो दूर राहतो. म्हणूनच प्लेन टायगर इतकं संथ उडतं. त्याला घाई कसली?

डॅनाइड एगफ्लाय मात्र कडू नाही. पक्ष्याच्या दृष्टीने ती चांगला घास आहे. पण तिच्या मादीने कडव्याचाच वेश उचललेला आहे. रंग तोच, काळी टोकं तीच, पांढरा पट्टा तोच, उडण्याची संथ चालसुद्धा तीच. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढली आणि 1862 मध्ये ही युक्ती पहिल्यांदा नीट उलगडून सांगितली. त्याच्याच नावाने ती आजही ओळखली जाते.

आणि नर? तो सोंग घेतच नाही. काळाकुळकुळीत, आणि पंखांवर मोठे पांढरे गोल, त्यांना जांभळ्या-निळ्या प्रकाशाची कड. चंद्रासारखे हे गोल बघूनच मराठीत याला ‘छोटा चांदवा’ म्हणत असावेत. नवरा काळा, बायको केशरी. दोघं एकाच जातीची आहेत हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं अशक्य. आमच्या वहीतही हा नर ‘काळं, चंद्रवालं’ म्हणून वेगळ्या पानावर बसलेला होता!

आता प्रत्यक्ष ओळखायचं कसं?

पहिली खूण मागच्या पंखावरची. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार. नराचा चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी, त्यामुळे तो जरा जाड दिसतो. म्हणजे ठिपके मोजले की जात तर कळतेच, वर नर की मादी तेही कळतं. एगफ्लायच्या मादीला तिथे काही नसतं. तिचा एकुलता एक काळा ठिपका वरच्या कडेजवळ असतो. हे ठिपके पंखाच्या खालच्या बाजूनेही दिसतात, त्यामुळे पंख मिटून बसलेलं असलं तरी हरकत नाही. फक्त मागचा पंख पुढच्याखाली झाकलेला नसावा.

दुसरी खूण कडेची. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाची कड गुळगुळीत असते, एगफ्लायची किंचित नागमोडी. फोटो मोठा करून बघितलात तर हा फरक कळतो, उडताना नाही.

तिसरी खूण वागण्याची, आणि मला हीच सर्वांत आवडते. दोन्ही संथ उडतात खऱ्या, पण एकदम जवळ जाऊन दचकवलंत तर एगफ्लायची मादी सोंग विसरते आणि सुसाट निघून जाते. प्लेन टायगर शांतपणे चार हात पुढे जाऊन बसतं. (मुलांना हा प्रयोग सांगू नका. आमच्याकडे दोन दिवस अंगणात नुसती पळापळ चालली होती.)

एक अडचण सांगायलाच हवी. एगफ्लायच्या सगळ्या माद्या एकसारख्या नसतात. काहींच्या पंखांच्या टोकांना काळं-पांढरं नसतंच, काहींचा मागचा पंख पांढुरका असतो. कारण प्लेन टायगरचेही तसे प्रकार आहेत आणि सोंग घेणारीने त्या प्रत्येकाची नक्कल केली आहे. म्हणून रंगावर जाऊ नका, ठिपक्यांवर जा.

त्या रात्री आम्ही जुने सगळे फोटो काढून बसलो. अकरांपैकी पाच नक्की प्लेन टायगर निघाले. तीन नक्की एगफ्लाय. उरलेल्या तिघांत मागचा पंख नीट दिसतच नव्हता. लेकीने त्या तीन नोंदींपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. मी म्हटलं, अगं, अंदाजाने लिही काहीतरी. ती म्हणाली, ‘आई, मग आधीचं काय वाईट होतं?’

आजीची घोळ

इथपर्यंत ही गोष्ट फक्त नावाची होती. पुढच्या आठवड्यात ती अंगणाची झाली.

तीन वर्षं आम्ही समजत होतो की आमच्याकडे येणाऱ्या केशरी फुलपाखरांना रुई लागते. म्हणून मी हट्टाने गेटजवळ रुई लावली होती. घरासमोर रुई कुणी लावतं का, म्हणून सासऱ्यांशी वादही झाला होता. आणि त्याच वेळी पायवाटेच्या विटांच्या फटींतून उगवणारं एक मांसल पानांचं, लालसर देठाचं, जमिनीवर पसरणारं तण मी दर रविवारी खुरप्याने काढून टाकत होते. अंगण कसं स्वच्छ दिसायला हवं!

नवरात्राच्या आधी सासूबाई साताऱ्याहून आल्या. सकाळी अंगणात फेरी मारताना वाकून बघत म्हणाल्या, ‘अगं, ही तर घोळ! इतकी छान घोळ तू उपटून टाकतेस होय?’

घोळ म्हणजे आपली पावसाळी रानभाजी. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन करतात ती. सासूबाईंनी एक देठ मोडला, बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, ‘चीक नाही. घोळच आहे.’ लेकीने विचारलं, चीक कशाला बघायचा? तर घोळीसारखंच जमिनीलगत पसरणारं एक दुधी तण असतं. मोडल्यावर पांढरा चीक आला तर ते खायचं नाही. आणि घोळीची बारीक पानांची धाकटी बहीण म्हणजे चिवळ, ती वेगळी. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पुस्तक नाही, ॲप नाही. वर्षानुवर्षं बाजारात जुड्या निवडून झालेली ही ओळख.

लेक मात्र दुसरंच बघत होती. घोळीच्या पानांखाली एक अळी होती. काळपट अंग, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे, तांबूस डोकं आणि डोक्यावर दोन लांब शिंगं. प्लेन टायगरची अळी आम्हाला रुईवर पाहून माहीत होती. तिच्या अंगावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असतात आणि तीन जोड्या मऊ शिंगांच्या. ही तशी अजिबात नव्हती. आम्ही शोधलं तेव्हा कळलं की डॅनाइड एगफ्लायची मादी अंडी घालते ती घोळीवर.

म्हणजे बघा. जी पाहुणी आली म्हणून आम्ही खूश होत होतो, तिच्यासाठी आम्ही दुसऱ्याच कुणाचं झाड लावलं आणि तिचं स्वतःचं झाड दर रविवारी मुळासकट उपटलं. किती अंडी त्या खुरप्याबरोबर कचऱ्यात गेली असतील, कोण जाणे. आणि हे फुलपाखरू साधंसुधं नाही; वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव अनेक वर्षं होतं, जिथे वाघाचंही आहे. त्याला पकडून डबीत ठेवणं हा गुन्हा, आणि त्याचं अन्न उपटणं ही बागकाम!

सासूबाईंना भाजी हवी होती, नातीला अळ्या. शेवटी विटांची पायवाट दोघींनी वाटून घेतली. नळाकडची बाजू भाजीची, गेटकडची अळ्यांची. कॉलनीच्या माळ्यालाही सांगावं लागलं. घोळीला इकडे ‘कुल्फा’ म्हणतात आणि त्याच्या घरीही ती खातात, त्यामुळे भाजीसाठी ठेवा म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. अळ्यांसाठी ठेवा म्हटलं असतं तर पटलं असतं की नाही, शंका आहे.

तुमच्या गॅलरीत हाच खेळ दुसऱ्या जोडीचा चालू असेल. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी पानावर चिकटलेलं दिसलं, तर पुसून टाकू नका. ती बहुधा लाइम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉरमॉनची लहान अळी असते. दोन्ही लहानपणी अशाच दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. आठ-दहा पानं खातील, पण कढीपत्ता मरत नाही. आमच्याकडचा तर पुन्हा भरभरून फुटला.

काळ्या फुलपाखराचं पोट बघा

कॉमन मॉरमॉनचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण हे फुलपाखरू महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक बागेत आहे आणि फसवण्यात एगफ्लायच्याही पुढे आहे.

त्याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादीचे मात्र तीन अवतार. एक नरासारखाच. दुसरा कॉमन रोझसारखा, म्हणजे मागच्या पंखावर पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी. तिसरा क्रिमसन रोझसारखा. दोन्ही रोझ फुलपाखरं ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि विषारी असतात, म्हणून त्यांची नक्कल. एका नराला इतक्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या ‘बायका’, म्हणून इंग्रजांनी याला अनेक पत्नी करणाऱ्या मॉरमॉन पंथाचं नाव दिलं, असं सांगतात.

यातली खूण अगदी सोपी आहे. पंख बघूच नका, अंग बघा. खऱ्या रोझचं पोट आणि डोकं लालभडक असतं. सोंग घेतलेल्या मॉरमॉनचं अंग काळंच राहतं. वेश बदलता आला, अंग बदलता आलं नाही. एवढं एक लक्षात ठेवलंत तर पुण्याच्या टेकडीवर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरू उद्यानात तुम्ही बरोबरच्या मंडळींना सहज थक्क कराल.

एकाच आईच्या मुली इतक्या वेगळ्या कशा, हे कोडं शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं छळत होतं. 2014 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतले डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अनेक जनुकांची गुंतागुंत असेल असा समज होता, पण त्यांना एकच जनुक सापडलं, ‘डबलसेक्स’. कीटकांमध्ये नर-मादी ठरवण्याशी संबंधित असलेलं हे जनुक इथे मादीचा वेशही ठरवतं. डॉ. कुंटे यांचं दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक 2000 साली आलं, आणि आयझॅक किहिमकर यांचं भारतीय फुलपाखरांवरचं 2008 मध्ये. ही दोन्ही पुस्तकं हाताशी असलेल्या घरातलं मूल ॲपपेक्षा लवकर शिकतं, असं माझं मत आहे.

आणखी एक. क्रिमसन रोझ हे मुख्यतः दक्षिणेकडचं फुलपाखरू. महाराष्ट्रात भरपूर, इकडे पंजाबात त्याची अपेक्षा करू नये. तसंच 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन, आपलं निलवंत. असा मान फुलपाखराला देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. लेकीला ते इथे दिसावं अशी फार इच्छा होती, आणि एकदा सुखना तलावाकडे काहीतरी मोठं काळं-निळं उडून गेल्यावर तिने वहीत लगेच ‘निलवंत’ लिहिलंही. पण ते इथलं नव्हे. चंदीगडला काळं-निळं दिसलं तर आधी हिमालयाच्या पायथ्याची यादी बघायची. आपण कुठे उभे आहोत, हीसुद्धा एक खूण असते.

तिकडे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हाच घोळ मोनार्क आणि व्हाइसरॉय या जोडीचा होतो. दोन्ही केशरी, दोन्हींवर काळ्या शिरा. व्हाइसरॉयच्या मागच्या पंखावर शिरांना आडवी छेदणारी एक काळी रेघ असते, मोनार्कला नसते. गंमत म्हणजे व्हाइसरॉय नुसतं सोंग घेतं असंच कित्येक वर्षं शिकवलं जायचं; 1991 मध्ये लक्षात आलं की तेही चवीला वाईटच आहे. म्हणजे तिथे दोघं मिळून एकच पाटी लावून बसलेत.

पिवळी, पांढरी आणि सोडून द्यायची

फिकट पिवळी-हिरवट मोठी फुलपाखरं बहाव्याभोवती भिरभिरताना तुम्ही पाहिली असतील. चंदीगडला बहावा, म्हणजे अमलतास, कितीतरी रस्त्यांवर आहे, त्यामुळे पावसाळ्यात ही झुंडीने दिसतात. यात दोन जाती सहज मिसळतात, कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट. पंख मिटून बसू द्या. खालच्या बाजूला बारीक तपकिरी रेघोट्यांची जाळी असेल, जणू कुणी हलकी पेन्सिल फिरवली आहे, तर मॉटल्ड. तशी जाळी नसेल तर कॉमन. कॉमनचेही दोन प्रकार असतात, एकाच्या मिशा काळ्या, दुसऱ्याच्या तांबूस आणि खाली रुपेरी टिकल्या. पण ते झालं की पुरे. टाकळ्यावर अंडी घालताना दिसली तर मॉटल्डची शक्यता जास्त.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे परसातल्या कोबीवर पांढरी फुलपाखरं येतात. महाराष्ट्रातून आलेल्यांना ही नवीन वाटतात. मागच्या पंखाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची ओळ असेल तर इंडियन कॅबेज व्हाइट. ती एकेक अंडं घालते, फार नुकसान नाही. कडेला ठिपके नसतील आणि आकार मोठा असेल तर लार्ज कॅबेज व्हाइट. ती पिवळ्या अंड्यांचा पुंजकाच्या पुंजका घालते आणि अळ्या मिळून गड्डा फस्त करतात. उन्हाळा आला की ती डोंगरात निघून जाते. इथे मात्र नाव चुकलं तर कोबी जातो.

आणि मग ती छोटी पिवळी, गवतालगत उडणारी. ग्रास यलो. कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या खाली, शिरांच्या मधल्या लांबट घरात दोन ठिपके, आणि थ्री-स्पॉटला नावाप्रमाणे तीन, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात ऋतू बदलला की ठिपके फिके होतात, तीनाचे दोन दिसतात, दोनाचा एक. जाणकारसुद्धा फोटोवरून अनेकदा फक्त ‘युरेमा’ एवढं कुळाचं नाव लिहून थांबतात. तुम्हीही थांबा. हिरवळीवरच्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांचंही तेच. त्यांतलं पेल ग्रास ब्लू आंबोशीवर अंडी घालतं, एवढा एक धागा हाताशी ठेवा. बाकी पंख उघडमिट करून थकवतात.

फोटो काढताना

सुंदर फोटो आणि ओळख पटवणारा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुलावर पंख पसरून बसलेलं, मागे हिरवं धुरकट, असा फोटो ग्रुपवर छान दिसतो. पण ओळखायला बहुतेक वेळा पंखाची खालची बाजू लागते. म्हणून पहिला फोटो मिळाला की निघून जाऊ नका, पंख मिटेपर्यंत थांबा. मोबाइल असेल तर दोन पावलं लांबूनच एक फोटो घ्या, मग हळूहळू पुढे सरका. सावली त्याच्यावर पडली की ते उडालंच समजा. अंगाचा रंग दिसू द्या. ते पानावर पोट वाकवून टेकवत असेल तर फुलपाखरू सोडा आणि आधी त्या पानाचा फोटो घ्या. ते अंडी घालत आहे, आणि झाडाचं नाव कळलं की अर्धी ओळख तिथेच होते. पायही मोजता आले तर बघा: एगफ्लाय, टायगर यांच्या कुळात चारच पाय दिसतात, पुढचे दोन आखडलेले असतात, पांढऱ्या-पिवळ्यांना आणि मॉरमॉनला सहा.

आणि ॲपवर विश्वास किती ठेवायचा? माझा अनुभव असा की ॲप कुळापर्यंत बहुतेक वेळा बरोबर नेतं आणि शेवटच्या पायरीवर, जिथे सोंग आहे तिथे, कधीकधी पक्ष्यासारखंच फसतं. ते जे नाव सांगेल त्याला ‘असेल’ म्हणा, मग त्या नावाचं सोंग कोण घेतं ते शोधा, आणि मग ठिपके मोजा. सराव करायचा असेल तर चंदीगडकरांना सेक्टर 26 मधलं बटरफ्लाय पार्क आहे. आम्ही पावसाळा संपताना तिथे दोन-तीनदा जातो. लेकीला आता तिथे जाऊन इतरांच्या चुका काढायच्या असतात, तेवढं मात्र थांबवावं लागतं.

शिवालिक चढून कसौलीकडे गेलात तर केशरीमध्ये आणखी एक भर पडते. इंडियन फ्रिटिलरी नावाच्या फुलपाखराची मादीही पंखांच्या टोकांना काळं-पांढरं लावून फिरते. तिच्या बाकीच्या पंखांवर बिबट्यासारखे काळे ठिपके विखुरलेले असतात, ते बघा म्हणजे झालं. आम्हाला ती अजून भेटलेली नाही. वहीत तिच्यासाठी एक पान कोरं ठेवलं आहे.

गेल्या वर्षीच्या त्या अळ्यांचं पुढे काय झालं, तर चारपैकी तीन एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. सरड्याने खाल्ल्या की कुठेतरी कोष करायला गेल्या, कळलं नाही. चौथीने कुंपणाच्या तारेला उलटं टांगून कोष केला. एका सकाळी शाळेची बस यायच्या दहा मिनिटं आधी त्यातून बाहेर आलं ते केशरी नव्हतं. काळं होतं, चंद्र असलेलं. लेकीने वहीतल्या ‘काळं, चंद्रवालं’ या पानावर बाण काढला आणि तो थेट केशरीच्या पानापर्यंत नेला. मग बस चुकली.

रुई अजून गेटजवळ आहे. तिच्यावर खरं प्लेन टायगर येतं. सासरे आता शनिवारी तिचीच पानं मारुतीला नेतात, फक्त तोडण्याआधी पानाची खालची बाजू बघून घेतात.